मजकूर की वाचक? : भारतीय तुरुंगांतील वाचन आणि ‘सुधारणे’ची संकल्पना

१

पश्चिम बंगालमध्ये १९९२ च्या कायद्याने तुरुंगांचे नाव बदलले. तेथील तुरुंगाला आता बंगालीत ‘संशोधनागार’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द प्रथमदर्शनी एखाद्या प्रयोगशाळेचा वाटेल. परंतु बंगालीने ‘संशोधन’ या शब्दाचा जुना संस्कृत अर्थ जपला आहे. तेथे संशोधन म्हणजे दोष काढून टाकणे, शुद्ध करणे. छापखान्यातील खर्डे तपासण्याच्या कामालाही बंगालीत हाच शब्द चालतो. महाराष्ट्रातील संबंधित खाते ‘कारागृह व सुधारसेवा’ या नावाने ओळखले जाते. भाषा निराळ्या असल्या तरी या नामांतरांमागील कल्पना एकच आहे. बंदिवान हा सदोष मजकूर आहे आणि तो दुरुस्त करून समाजाला परत द्यावयाचा आहे, अशी ती कल्पना होय. या दुरुस्तीच्या साधनांत पुस्तकाची गणना नेहमीच केली जाते.

तुरुंग आणि पुस्तक यांच्या संबंधाची चर्चा भारतीय साहित्याच्या इतिहासात विपुल झाली आहे. पण ती बहुतांशी लेखनाच्या अंगाने झाली. तुरुंगात कोणी काय लिहिले याच्या याद्या प्रत्येक भाषेत तयार आहेत. तुरुंगात कोणी काय वाचले, कोणाला काय वाचू दिले गेले नाही आणि ज्याला वाचताच येत नव्हते त्याच्यापर्यंत पुस्तक कसे पोहोचले, हे प्रश्न मात्र बाजूला राहिले. त्यामुळे सामान्य बंदिवान या साहित्यात पात्र म्हणून वारंवार भेटतो, वाचक म्हणून क्वचितच भेटतो. हा वाचनव्यवहार ऐतिहासिक क्रमाने तपासला तर एक गोष्ट स्पष्ट होते. भारतीय तुरुंगात पुस्तकाने जेथे काही घडवले, तेथे ते दुरुस्तीचे औषध म्हणून दिले गेलेले नव्हते. ते मागून, भांडून किंवा एकमेकांना ऐकवून मिळवलेले होते. ‘पुस्तकांनी बंदिवान सुधारतील काय’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी पुस्तक ही तुरुंगात सवलत आहे की हक्क, याचा निर्णय झाला पाहिजे, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

२

भारतीय तुरुंगनीतीचा आरंभ पुस्तकाला दाराबाहेर ठेवूनच झाला. या घटनेत एक विलक्षण विसंगती आहे. थॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांचे शिक्षणविषयक टिपण फेब्रुवारी १८३५ चे. इंग्रजी ग्रंथांच्या वाचनाने एतद्देशीयांची एक नवी पिढी घडवता येईल, असा विश्वास त्यात व्यक्त झाला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मेकॉले यांनीच तुरुंगांच्या चौकशीची सूचना मांडली, आणि त्यातून नेमल्या गेलेल्या तुरुंगशिस्त समितीचे ते सदस्यही होते. या समितीने १८३८ च्या अहवालात नैतिक व धार्मिक उपदेश, शिक्षण आणि चांगल्या वर्तनासाठी बक्षिसे या सर्व सुधारक उपायांना जाणीवपूर्वक नकार दिला आणि कंटाळवाण्या, एकसुरी श्रमांवर भर दिला. शाळेच्या दारात ज्या पुस्तकावर एवढा भरवसा ठेवला गेला, ते तुरुंगाच्या दारात निरर्थक मानले गेले. पुस्तकाने घडावे असा माणूस कोण आणि घडू नये असा कोण, याची विभागणी या दोन दस्तऐवजांनी केली. पुढील शतकभर ती विभागणी वेगवेगळ्या रूपांनी टिकून राहिली.

इंग्लंडमध्ये याच सुमारास उलट वारे वाहत होते. १८४२ मध्ये उघडलेल्या पेंटनव्हिल तुरुंगात प्रत्येक बंदिवानाला स्वतंत्र कोठडी देण्यात आली. कोठडीतील एकांत, हाती बायबल आणि भेटीला येणारा पाद्री या तिन्हींच्या योगाने अपराधी अंतर्मुख होईल, अशी अपेक्षा होती. ग्रंथवाचनाने आत्मशुद्धी होते हा आधुनिक तुरुंगसुधारणेतील गृहीत विचार या प्रॉटेस्टंट प्रतिमेतून आला आहे. ही प्रतिमा एकट्याने, मूकपणे, स्वतःच्या अंतःकरणाकडे वळून वाचणाऱ्या साक्षर माणसाची आहे.

भारतात या प्रतिमेचे तिन्ही आधार गैरहजर होते. येथील तुरुंग मुख्यतः बराकींचे होते. एका बराकीत अनेक माणसे एकत्र कोंडली जात. अंदमानचे १९०६ मध्ये पूर्ण झालेले सेल्युलर जेल हा या नियमाला ठळक अपवाद. पण तेथील कोठड्यांमागचा हेतू आत्मचिंतनाचा नव्हे, तर बंदिवानांना परस्परांपासून तोडण्याचा होता. १८५८ नंतर सरकारने धार्मिक तटस्थतेचे धोरण जाहीर केल्यामुळे बहुसंख्य बंदिवानांच्या हाती एखादा धर्मग्रंथ सक्तीने देणे सरकारला परवडणारे नव्हते. शिवाय बहुसंख्य बंदिवान निरक्षर होते. त्यामुळे वाचनाने सुधारणा ही कल्पना येथे आयात झाली तरी तिला उभे राहायला जागा मिळाली नाही. १८९४ च्या तुरुंग कायद्यात अन्नवस्त्र, श्रम, आरोग्य, भेटी आणि तुरुंगातील अपराध यांसाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. वाचनासाठी वा शिक्षणासाठी नाही. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके देशभरच्या तुरुंगांचा पाया राहिला, हे ध्यानात घेतले म्हणजे या रिकाम्या जागेचे महत्त्व कळते.

सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने प्रथमच बंदिवानाची सुधारणा हे तुरुंगव्यवस्थेचे उद्दिष्ट म्हणून मान्य केले. १८३८ च्या समितीने शिक्षण व उपदेश यांना दिलेल्या नकाराची नोंदही याच समितीच्या अहवालात आहे. मात्र धोरणाची भाषा बदलेपर्यंत तुरुंगात निराळ्याच प्रकारचा वाचक येऊन बसला होता. त्याला सुधारण्याची गरज नव्हती, आणि तो सुधारावा अशी सरकारचीही खरोखर अपेक्षा नव्हती.

३

लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेस करण्यात आली. ‘गीतारहस्या’ची कथा मराठी वाचकाला परिचित आहे, येथे तिच्यातील वाचनाचा भाग महत्त्वाचा. टिळकांना पुण्याहून पुस्तके मागवता आली आणि कारावासाच्या अखेरीस त्यांच्यापाशी सुमारे चारशे ग्रंथांचा संग्रह जमला होता. युरोपीय पंडितांचे ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून त्यांनी तेथे जर्मन व फ्रेंच भाषांचा अभ्यास केला. १९१०-११ च्या हिवाळ्यात ग्रंथाचा खर्डा तयार झाला. पण तो लिहिण्यासाठी सुटे कागद मिळत नव्हते. पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्या आणि शाईऐवजी पेन्सिल एवढीच परवानगी होती. जून १९१४ मध्ये सुटका झाल्यावर हस्तलिखित हाती पडायला काही काळ जावा लागला आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या हकिकतीत आणखी एक माणूस आहे. टिळकांचा स्वयंपाक करण्यासाठी कुलकर्णी आडनावाचा एक शिक्षा भोगणारा बंदिवान त्यांच्यापाशी ठेवण्यात आला होता. टिळकांच्या मंडालेतील दिनक्रमाची माहिती बऱ्याच अंशी या स्वयंपाक्याच्या आठवणींतून मिळते. त्या आठवणींचा विषय स्वाभाविकपणे टिळक आहेत. परंतु त्या आवारात शेकडो ग्रंथ होते आणि बंदिवान दोन होते. त्यांपैकी एकाच्या वाचनाची नोंद इतिहासाने पानोपानी ठेवली. दुसरा साक्षीदार म्हणून उरला. भारतीय तुरुंगसाहित्याची सारी रचनाच या दोघांच्या नात्यासारखी आहे.

पाने मोजून देण्याची रीत लाहोरलाही दिसते. भगतसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ च्या जूनमध्ये सुरू केलेल्या उपोषणाच्या मागण्यांत चांगल्या अन्नाबरोबरच पुस्तके, लेखनसाहित्य आणि दैनिक वर्तमानपत्र यांचा समावेश होता. भगतसिंगांच्या सुप्रसिद्ध टिपणवहीवर १२ सप्टेंबर १९२९ ही तारीख आणि ४०४ ही पृष्ठसंख्या नोंदलेली आहे. दुसऱ्याच दिवशी, १३ सप्टेंबरला, उपोषणाच्या ६३ व्या दिवशी जतींद्रनाथ दास यांचे निधन झाले. एकीकडे पाने मोजून दिलेली वही आणि दुसरीकडे त्याच मागण्यांसाठी गेलेला प्राण, असा हा योग आहे. अंदमानात १९३३ च्या मे-जूनमध्ये ४६ दिवसांचे उपोषण झाले आणि त्यात महावीर सिंह, मोहनकिशोर नमोदास आणि मोहित मैत्र हे तिघे मृत्यू पावले. त्यानंतर दिवे, पुस्तके आणि वर्तमानपत्रे मिळू लागली. पुढील दोन वर्षांत तेथे अभ्यासमंडळे उभी राहिली आणि १९३५ मध्ये ‘कम्युनिस्ट कन्सॉलिडेशन’ हा गट स्थापन झाला. ज्या कोठड्या माणसांना तोडण्यासाठी बांधल्या होत्या, त्यांतच वाचणाऱ्यांची शाळा भरली.

या घटनांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की पुस्तकाच्या परिणामावर सुधारकांपेक्षा सरकारचाच अधिक विश्वास होता. जी सत्ता पाने मोजते आणि हस्तलिखित अडवून ठेवते, तिला शब्दांनी माणूस बदलतो हे पक्के ठाऊक असते. फक्त तो आपल्याला हव्या त्या दिशेने बदलेल याची तिला खात्री नसते. बोधपर पुस्तक आणि निषिद्ध पुस्तक हे एकाच श्रद्धेचे दोन परिणाम आहेत.

दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. १९२९ च्या उपोषणाने निर्माण झालेल्या दबावानंतर सरकारने फेब्रुवारी १९३० मध्ये बंदिवानांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग केले. वर्ग ठरवताना सामाजिक प्रतिष्ठा, शिक्षण आणि राहणीमान पाहिले जाई. म्हणजे ज्याच्यापाशी बाहेर पुस्तके होती, त्याला आतही पुस्तके मिळाली. ज्याच्यापाशी ती नव्हती, तो क वर्गात गेला. पुस्तकांसाठी प्राण दिले गेले आणि त्यांची वाटणी मात्र प्रतिष्ठेनुसार झाली. १८३५ ची जुनी विभागणी येथे नियमांच्या भाषेत पुन्हा अवतरली. तुरुंग हे विद्यापीठ होते असे स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भात वारंवार सांगितले जाते. ते असत्य नाही. पण त्या विद्यापीठात प्रवेश कोणाला होता, हा प्रश्न त्या रूपकात दडून जातो.

४

या चित्राला छेद देणारी काही उदाहरणे आहेत. त्यांत एक समान गुण आढळतो. त्या ठिकाणी पुस्तक एकाने वाचायची वस्तू न राहता अनेकांनी ऐकायची वस्तू झाले.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा रविवार आणि अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती प्रवचने टिपून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज उपलब्ध आहे. मंडाले आणि धुळे यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. ग्रंथ एकच, भाष्यकार दोघेही मराठी आणि स्थळ तुरुंगाचेच. पण ‘गीतारहस्य’ एकांतात, पूर्वसूरींच्या ग्रंथांशी वाद घालत लिहिले गेले. ‘गीता प्रवचने’ समोर बसलेल्या माणसांना उद्देशून बोलली गेली. पहिल्याचा वाचक पंडित आहे, दुसऱ्याचा श्रोता सहबंदी आहे. भाषेतील फरकाचे मूळ या परिस्थितीत आहे. धुळ्याचे श्रोते प्रामुख्याने सत्याग्रहीच होते हे खरे. तथापि ग्रंथ ऐकण्यासाठी साक्षर असण्याची अट तेथे राहिली नव्हती.

पुढील वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. या पुस्तकाचे विभाजन प्रकरणांत नसून रात्रींत आहे. श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. ही रचना बराकीत सुचली असेल तर त्यात नवल नाही, कारण संध्याकाळी दारे बंद झाल्यानंतरची लांब रात्र आणि ऐकायला जमलेली माणसे हे तुरुंगातील वाचनाचे मूळ रूप आहे. साने गुरुजी यापूर्वी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तेथे इतर भाषिक सहबंद्यांच्या सहवासात त्यांना आपल्या भाषिक एकाकीपणाची जाणीव झाली आणि ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे बीज पडले. तिरुवळ्ळुवरांच्या ‘कुरळ’चा त्यांनी केलेला मराठी अनुवाद त्याच अनुभवाशी निगडित आहे. विनोबांनीही दक्षिणेतील भाषांचा अभ्यास वेल्लोरच्या तुरुंगात केला. अहमदनगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इंग्रजीत आणि मौलाना आझादांचे ‘गुबार-ए-खातिर’ उर्दूत, एकाच तटबंदीच्या आत लिहिले गेले. भारतीय तौलनिक साहित्याच्या पूर्वेतिहासात तुरुंगाला स्थान द्यावे लागेल ते या कारणाने. प्रांतोप्रांतीचे वाचक ज्या थोड्या ठिकाणी सक्तीने एकत्र आणले गेले, त्यांत तुरुंग हे एक होते.

सामान्य बंदिवानाच्या अधिक जवळ जाणारे दाखले दोन आहेत. पहिला अंदमानातील. विनायक दामोदर सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मध्ये तेथील बंदिवानांना अक्षरओळख करून देण्याची आणि ग्रंथसंग्रह उभारण्याची हकिकत आली आहे. राजबंद्याने इतर बंदिवानांना शिकवावे आणि त्यासाठी अधिकाऱ्यांशी झगडावे, असा तो प्रयत्न होता. दुसरा दाखला मल्याळम साहित्यातील आहे आणि त्याची दखल मराठीत पुरेशी घेतली गेलेली नाही. वैक्कम मुहम्मद बशीर १९४० च्या दशकाच्या आरंभी त्रिवेंद्रमच्या मध्यवर्ती तुरुंगात होते. तेथे त्यांनी सहबंद्यांना वाचून दाखवण्यासाठी अनेक गोष्टी लिहिल्या. सुटकेच्या वेळी त्यांपैकी ‘प्रेमलेखनम्’ ही एकच त्यांनी बरोबर आणली. ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुढे त्रावणकोर संस्थानात तिच्यावर बंदी आली. एका नायर तरुणाची व ख्रिस्ती तरुणीची ही प्रेमकथा विनोदी आहे. तिच्यात पश्चात्ताप नाही, उपदेश नाही. तुरुंगातील श्रोत्यांना काय ऐकावेसे वाटत होते याचा हा एक विरळा पुरावा आहे. ज्या गोष्टी तुरुंगातच राहिल्या त्यांना ग्रंथरूप लाभले नाही. त्यांचे सारे आयुष्य श्रोत्यांपुरतेच होते. ‘साहित्य’ म्हणून त्यांची गणना करायची की नाही, हा प्रश्न तौलनिक अभ्यासकाने टाळण्यासारखा नाही.

भारतीय भाषांच्या परंपरेत हे मुळीच अपवादात्मक नाही. मराठीत ‘पोथी वाचणे’ म्हणजे मोठ्याने वाचणे. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेल्यांत अक्षरशत्रू असत आणि त्यांना ओव्या मुखोद्गत असत. बंगालातील कथकता आणि उत्तरेतील रामचरितमानसाचे पठण यांचीही रीत हीच. पेंटनव्हिलच्या कोठडीतील मूक वाचक हा आपल्याकडील बराकीचा स्वाभाविक वाचक नव्हता. येथला वाचक आधी श्रोता होता. तुरुंगसुधारणेच्या योजनांनी मात्र ग्रंथालय म्हणजे कपाट आणि वाचक म्हणजे एकटा साक्षर माणूस हेच समीकरण पुढे चालवले. त्यामुळे कपाटे आली, पण बराकीतील बहुसंख्यांचा त्यांच्याशी संबंध आला नाही.

५

स्वातंत्र्यानंतर सत्ता बदलली. पुस्तकाच्या दर्जाचा प्रश्न तसाच राहिला. त्याची सर्वांत नेमकी मांडणी एका मराठी पुस्तकाच्या निमित्ताने झाली, ही बाब साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी तेथे ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहून १९६४ मध्ये पूर्ण केले. ते प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठवण्याची परवानगी त्यांनी मागितली. राज्य सरकारने ती नाकारली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर १९६५ मध्ये निकाल लागला.

सरकारचा युक्तिवाद असा होता की स्थानबद्धाला नियमांत नमूद केलेल्या सवलतीच मिळू शकतात. पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याची सवलत नियमांत नाही, म्हणून ती मागता येत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या निकालपत्राने हा तर्क उलटा केला. स्थानबद्धतेचे नियम हे सवलतींची यादी नसून निर्बंधांची यादी आहेत; ज्यावर निर्बंध घातलेला नाही, ते व्यक्तिस्वातंत्र्य बंदिवानापाशी शिल्लक असते, असे न्यायालयाने मानले. पुस्तकाच्या संदर्भात या भेदाचे महत्त्व मूलभूत आहे. सवलत देणारा ती परत घेऊ शकतो, चांगल्या वर्तनाशी जोडू शकतो, वर्गवारीने वाटू शकतो. १९३० च्या अ-ब-क वर्गवारीने नेमके हेच केले होते. हक्काची अशी वाटणी होत नाही.

तथापि न्यायालयातील तत्त्व आणि तुरुंगाच्या दारावरील तपासणी यांत अंतर राहते. आणीबाणीच्या काळात विरोधी पक्षांतील सुशिक्षित कार्यकर्ते मोठ्या संख्येने तुरुंगात गेले आणि तुरुंगाला विद्यापीठ म्हणण्याची परंपरा पुन्हा जागी झाली. कुमार सप्तर्षी यांच्या पुस्तकाच्या ‘येरवडा विद्यापीठातील दिवस’ या शीर्षकातच ती दिसते. न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९८०-८३) तुरुंगांचा देशव्यापी आढावा घेतला. १९९३ ते १९९५ या काळात दिल्लीच्या तिहार तुरुंगात किरण बेदी यांच्या कारकिर्दीत साक्षरतेच्या व शिक्षणाच्या उपक्रमांना गती मिळाली. शिकलेल्या बंदिवानाने न शिकलेल्याला शिकवावे हे त्या उपक्रमांचे सूत्र अंदमानातील जुन्या प्रयत्नाशी नाते सांगणारे होते. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने शिक्षण व ग्रंथालय यांना स्थान दिले. आणि तरीही २०२२ मध्ये नवी मुंबईतील तळोजा तुरुंगात पी. जी. वुडहाउस यांचे पुस्तक सुरक्षेच्या कारणास्तव नाकारले गेल्याचे मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. न्यायालयाने हा प्रकार हास्यास्पद ठरवला. ज्या लेखकाने केवळ हसवण्यासाठी लिहिले त्याच्यापासून धोका दिसावा, यात एका अधिकाऱ्याच्या अज्ञानापेक्षा मोठी गोष्ट आहे. दारावर उभ्या असलेल्या माणसाला ‘हे पुस्तक का द्यावे’ असा प्रश्न विचारण्याची सवय व्यवस्थेने लावली आहे. ‘हे का नाकारावे’ असा प्रश्न विचारण्याची नाही. संझगिरी निकालाने हाच क्रम बदलला होता. तो दारापर्यंत पोहोचायला सत्तावन्न वर्षे अपुरी पडली.

६

आता सुधारणेच्या मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वाचनाचा शिक्षेशी थेट हिशेब जोडणारा प्रयोग ब्राझीलमध्ये झाला. २०१२ पासून तेथील संघीय तुरुंगांत बंदिवानाने एक पुस्तक वाचून त्यावर लेखी परीक्षण दिले की शिक्षेतून चार दिवस कमी होतात; वर्षाला बारा पुस्तके आणि अठ्ठेचाळीस दिवस ही मर्यादा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९१ मध्ये सुरू झालेला प्रयोग वेगळा आहे. तेथे साहित्याचे प्राध्यापक रॉबर्ट वॅक्सलर आणि न्यायाधीश रॉबर्ट केन यांनी काही अपराध्यांना तुरुंगाऐवजी साहित्याच्या चर्चावर्गाची वाट खुली केली. कथा-कादंबऱ्यांवरील चर्चेला अपराधी, प्राध्यापक आणि न्यायव्यवस्थेतील अधिकारी एकाच टेबलाभोवती बसतात. पहिल्या योजनेत पुस्तक हे मोजण्याचे एकक आहे. तिचा लाभ खरा आहे, कारण तुरुंगातील चार दिवस ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण ज्याला लिहिता येत नाही तो या हिशेबात मागे पडतो. दुसऱ्या योजनेत पुस्तक हे निमित्त आहे, आणि काम करते ते त्याच्याभोवतीचे बोलणे. धुळ्याचा रविवार आणि त्रिवेंद्रमची बराक यांना या दुसऱ्या योजनेची भाषा परकी वाटणार नाही.

भारताच्या संदर्भात ब्राझीलचे अनुकरण करण्याची सूचना अधूनमधून केली जाते. तिच्यातील मुख्य अडचण साक्षरतेचीही नाही. ती कायद्याच्या तर्काची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदिवान होते आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीभाषेतील ‘कच्चे कैदी’ होते. त्यांचा अपराध सिद्ध झालेला नाही. कायदा त्यांना निरपराध मानतो. ज्याचा दोष ठरलेला नाही त्याची सुधारणा कशाची करायची? शिक्षेतून दिवस कमी करायचे तर त्यांना शिक्षाच झालेली नाही. पुस्तक हे सुधारणेचे साधन मानले की तुरुंगातील दर चार माणसांपैकी तीन माणसे त्या योजनेच्या व्याख्येतूनच बाहेर जातात. पुस्तक हा हक्क मानला तर मात्र चौघेही त्यात येतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान नियमांत आणि २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत ग्रंथालयाविषयीचे कलम सर्व प्रकारच्या बंदिवानांसाठी आहे आणि त्यात बोधपर पुस्तकांच्या बरोबरीने मनोरंजनाच्या पुस्तकांचाही उल्लेख आहे. वुडहाउसचे पुस्तक म्हणूनच या चर्चेत गौण नाही.

याचा अर्थ पुस्तकांनी माणूस बदलत नाही असा नाही. इतिहासाची साक्ष उलट आहे. परंतु जी उदाहरणे आपल्यापाशी आहेत त्यांतील बहुतेक माणसे आधीपासून वाचणारी होती, आणि तुरुंगाने त्यांना दुसरे काही करण्यास वाव ठेवला नव्हता. त्यांच्यावरून सामान्य बंदिवानाविषयी घाईने अनुमान काढता येत नाही. शिवाय त्यांच्यातील कोणीही तुरुंगाला अभिप्रेत असलेल्या अर्थाने ‘सुधारला’ नाही. टिळक मंडालेहून परतले आणि पुन्हा राजकारणात उतरले. अंदमानातील क्रांतिकारक वाचून अधिकच ठाम झाले. वाचनाने त्यांना जे दिले ते बाहेरून ठरवलेले नव्हते. सामान्य बंदिवानालाही वाचनाने काही द्यायचे असेल तर ते असेच, न ठरवलेले असावे लागेल. त्यात कदाचित पश्चात्ताप असेल, कदाचित केवळ एका संध्याकाळचे हसू असेल, कदाचित आपल्या खटल्याची कागदपत्रे स्वतः वाचता येण्याची ताकद असेल. यांतील शेवटची गोष्ट कच्च्या कैद्याला सर्वांत उपयोगाची आहे आणि सुधारणेच्या साहित्यात तिचा उल्लेख सर्वांत कमी आढळतो.

साहित्याच्या अभ्यासकांवर यातून दोन कामे येतात. तुरुंगसाहित्याच्या याद्यांना तुरुंगातील वाचनाच्या इतिहासाची जोड देणे हे पहिले काम होय. जुन्या तुरुंग-ग्रंथालयांच्या नोंदवह्या, नाकारलेल्या पुस्तकांचे पत्रव्यवहार, उपोषणांच्या मागणीपत्रांतील पुस्तकविषयक कलमे आणि राजबंद्यांच्या आठवणींत ओझरते दिसणारे इतर बंदिवान ही त्याची साधने आहेत, आणि ती एका भाषेत मावणारी नाहीत. दुसरे काम ‘वाचक’ या संज्ञेची व्याप्ती वाढवण्याचे आहे, जेणेकरून बशीरांच्या हरवलेल्या गोष्टी ऐकणारा आणि मंडालेत चारशे ग्रंथांच्या सान्निध्यात चूल पेटवणारा, हे दोघेही तिच्यात येतील. बंदिवानाला दुरुस्त करावयाचा मजकूर मानणाऱ्या व्यवस्थेने त्याच्या हाती पुस्तक दिले तरी ते खर्ड्यावरील तपासनिसाच्या खुणेसारखे असते. तो आधी वाचक आहे असे मानले, तर कोणते पुस्तक घ्यायचे, ते वाचायचे की ऐकायचे आणि त्याचे काय करायचे, हे त्याच्यावर सोपवावे लागते. बंगालीने जपलेला ‘संशोधन’ या शब्दाचा अर्थ पहिल्या व्यवस्थेचा आहे. मराठीत तोच शब्द शोध घेण्याच्या अर्थाने रूढ झाला आहे. आणि तुरुंगातील वाचकाला हा दुसरा अर्थ अद्याप मिळावयाचा आहे.